१५ वर्षं झाली की गाडी भंगारात? त्या फॉरवर्डची एकेक ओळ धरून बघू

गेल्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी सकाळी, गुड मॉर्निंगची फुलं पडायच्याही आधी, एक मेसेज येऊन पडला. बी विंगमधल्या काकांनी टाकलेला, आणि काकांनी टाकला म्हणजे खरा असणार असं धरून दुपारपर्यंत अजून चार जणांनी तोच परत टाकला, संध्याकाळी तर माझ्या मावशीने डोंबिवलीहून तोच मला पाठवला आणि वर विचारलं, "अरे बाबांच्या स्कूटरचं काय करणार आता?"

ज्यांच्याकडे अजून पोचला नसेल (नशीबवान आहात) त्यांच्यासाठी थोडक्यात. मेसेज म्हणतो की मुंबईत १५ वर्षं झालेली गाडी आता चालवता येणार नाही, दिसली की उचलून भंगारात. वाचवायची असेल तर रजिस्ट्रेशन रिन्यू करा, ते आता घरबसल्या पाच मिनिटांत होतं, आरटीओत जायची गरज नाही. पण सरकारने फी २० हजार केलीय. मुदत संपली असेल तर घाबरू नका, एक वर्ष ग्रेस आहे. ॲपमध्ये गाडी ॲक्टिव्ह दिसत असेल तर काहीच करायचं नाही. मोबाइलमधली आरसी (गाडीचं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट) पोलीस मानत नाहीत, कार्डच लागतं. आणि शेवटी एक लिंक, त्यात नंबर टाकला की कुठल्याही गाडीच्या मालकाचं नाव, पत्ता, मोबाइल सगळं दिसतं म्हणे. खाली हात जोडलेले आणि "२० ग्रुपमध्ये पाठवा".

आता नीट वाचलंत तर हा मेसेज स्वतःच स्वतःला खोडतो, गाडी भंगारात जाणारच आहे तर रिन्यू कशाला करायची आणि करता येते तर भंगार कुठून आलं. पण सकाळी चहा पिताना एवढं कोण बघतो.

मी ना वकील ना एजंट. पण बाबांची स्कूटर २०१० ची, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तिला १५ वर्षं होत होती, आणि तिचं रीपासिंग (म्हणजे तपासणी करून रजिस्ट्रेशन रिन्यू करणं) मी स्वतः केलं, पोर्टलवर बसून आणि नंतर गाडी घेऊन जाऊन, दोन्ही. त्यामुळे यातलं काय खरं आणि काय हवेतलं हे हात काळे करून कळलंय. तर घेऊ एकेक.

भंगारवालं आधी, कारण मावशी त्यालाच घाबरलीय.

मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्याचं कलम ४१. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षं चालतं आणि त्यानंतर ५ वर्षांसाठी रिन्यू करता येतं, हे त्यातच लिहिलंय. म्हणजे १५ वर्षं ही गाडीच्या आयुष्याची मुदत नाहीये, ती कागदाची मुदत आहे. पासपोर्ट १० वर्षांनी संपतो म्हणून माणसाला कोणी पोचवून येत नाही ना, तसं. ५ वर्षं झाली की परत दाखवायची, गाडी ठणठणीत असेल तर परत ५ वर्षं.

मग हे भंगाराचं आलं कुठून? माझ्या मते तीन-चार वेगवेगळ्या बातम्यांची भेळ झालीय. पहिली दिल्लीची. तिथे १० वर्षांपुढच्या डिझेल आणि १५ वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली ती हरित लवादाच्या आदेशाने, आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती उचलून धरली. मग १ जुलै २०२५ पासून दिल्लीत पंपावर अशा गाड्यांना पेट्रोलच द्यायचं नाही असं सुरू केलं आणि चार दिवसांत गुंडाळलंही. त्यावर पुढेही कोर्टात चढउतार झाले, पण ते सगळं दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागाचं. मेसेजसोबत फिरणारा पंपावरचा व्हिडिओ आहे ना, गाडी उचलून नेतायत तो, त्यात मागची पाटी नीट बघा, कुठल्या अँगलने ते मुंबई वाटतंय मला कळलं नाही.

दुसरी बातमी सरकारी गाड्यांची. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षं पूर्ण झालेल्या सरकारी गाड्यांचं रजिस्ट्रेशन रिन्यू होत नाही, त्या खरोखरच भंगारात जातात, एसटी-बेस्टसारख्या सार्वजनिक उपक्रमांच्या बससुद्धा त्यात येतात. हे खरं आहे. पण बाबा सरकार नाहीत (घरात तसं वागतात ती गोष्ट वेगळी).

तिसरी आपल्या टॅक्सीची. मुंबईत काळी-पिवळीला २० वर्षांची वयोमर्यादा आहे, ती धंद्याच्या गाडीला. शेवटची प्रीमियर पद्मिनी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला रजिस्टर झाली होती, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये तिची २० वर्षं भरली आणि पद्मिनी रस्त्यावरून गेली, तेव्हा सगळ्या मुंबईने स्टेटसला तिचे फोटो ठेवले होते, काकांनीही. आता तीच आठवण उलटी फिरून "जुन्या गाड्या बंद" म्हणून आलीय.

आणि चौथं, जानेवारी २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने हवेच्या प्रदूषणावरून सुनावणी करताना पेट्रोल-डिझेलच्या गाड्या मुंबईत टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का याचा अभ्यास करायला सांगितला आणि राज्य सरकारने त्यासाठी एक समिती नेमली. समिती नेमणं आणि बंदी घालणं यात किती अंतर असतं हे मुंबईकराला मी सांगायला नको.

बाकी केंद्राची स्क्रॅप पॉलिसी २०२१ ची, ती ऐच्छिक आहे. गाडी खरंच मेली असेल तर अधिकृत स्क्रॅप सेंटरला द्या, सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट (गाडी जमा केल्याचा दाखला) घ्या, नवीन गाडीच्या टॅक्समध्ये सूट मिळते. पण कोणी जबरदस्तीने नेत नाही. फक्त एक, रीपासिंगच्या वेळी गाडी तपासणीत नापास झाली आणि दुरुस्तही करता येईना, तर मग ती रस्त्यावर आणता येत नाही, हे मान्य. ते वयामुळे नाही, अवस्थेमुळे.

दुसरा मुद्दा ॲक्टिव्हचा, आणि हा मला सगळ्यात डेंजर वाटतो कारण तो ऐकायला बरोबर वाटतो.

सरकारच्या परिवहन साइटवर किंवा एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकला की वरच हिरव्या अक्षरात आरसी स्टेटस ॲक्टिव्ह असं येतं. लोक तिथेच थांबतात. पण ॲक्टिव्ह म्हणजे फक्त एवढंच की ही गाडी रेकॉर्डवर आहे, रद्द झालेली नाही, भंगारात गेलेली नाही. मुदत वेगळी असते. ती खाली कुठेतरी फिटनेस अपटू किंवा रजिस्ट्रेशन अपटू अशा नावाने असते, खासगी गाडीला तीच १५ वर्षांची तारीख. त्याच पानावर विम्याची तारीख असते, पीयूसीची असते, गाडीवर लोन असेल तर फायनान्सरचं नाव असतं. स्क्रीन जरा खाली सरकवायचीय, बस. मी काकांच्या गाडीचा नंबर टाकून बघितला, त्याचं पुढे सांगतो.

आणि १५ वर्षं मोजायची ती रजिस्ट्रेशनच्या तारखेपासून. गाडी बनली कधी त्यापासून नाही, तुम्ही विकत घेतली कधी त्यापासून तर अजिबातच नाही. सेकंडहँड घेणारे इथे फसतात. आमच्या ऑफिसातल्या एकाने २०१९ मध्ये जुनी कार घेतली, नावावर झाली, नवीन स्मार्ट कार्ड आलं, तो खूश की आता २०३४ पर्यंत बघायला नको. कार्ड नवीन असतं, मुदत जुनीच असते. त्याची गाडी २००९ ची होती, मुदत संपून वर्ष उलटल्यावर त्याला कळलं, तेही विमा रिन्यू करताना.

तिथून आलो ग्रेस पिरियडवर. एक वर्ष ग्रेस आहे म्हणे. नाहीये. हे कोरोनातलं शिळं आहे. तेव्हा १ फेब्रुवारी २०२० नंतर मुदत संपलेले लायसन्स, आरसी, परमिट, फिटनेस वगैरे कागद चालू धरा असं केंद्राने कळवलं होतं आणि ती मुदत वाढत वाढत शेवटी ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत गेली. तिथे संपलं. कोणीतरी तो जुना मेसेज तारीख काढून परत चिकटवलाय.

आत्ताचा नियम उलटा आहे, उशीर झाला की मीटर चालू. टू-व्हीलरला महिन्याला ३०० रुपये, कारला महिन्याला ५००, आणि महिन्याचे दोन दिवस वर गेले तरी अख्खा महिना धरतात. त्या ऑफिसवाल्याचं झालं तसं १४ महिने उशीर म्हणजे ७ हजार, मूळ फी ५ हजार. दंड फीपेक्षा मोठा. हे आरटीओचं झालं. रस्त्यात पकडलं तर त्याच मोटार वाहन कायद्याचं कलम १९२, पहिल्या वेळी कमीत कमी २ हजार ते ५ हजारांपर्यंत, परत सापडलात तर ५ ते १० हजार आणि कायद्यात वर्षभरापर्यंत कैदेचीही सोय आहे.

पण मला विचाराल तर खरी भीती दंडाची नाही, विम्याची आहे. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आला, गाडी चोरीला गेलेली, विमा चालू होता, पण गाडीचं टेम्पररी रजिस्ट्रेशन चोरीच्या काही दिवस आधी संपलेलं. कोर्टाने सांगितलं की रजिस्ट्रेशन नसलेली गाडी रस्त्यावर आणणं हा पॉलिसीच्या अटींचा मूलभूत भंग आहे, क्लेम मिळणार नाही. ते टेम्पररी नंबरचं प्रकरण होतं हे खरं, पण विमा कंपनीला कारण शोधायला शिकवावं लागत नाही. हप्ता भरत राहायचा आणि वेळेला हात वर, त्यापेक्षा तारीख सांभाळलेली बरी.

अर्ज मुदत संपायच्या आधी ६० दिवसांपासून करता येतो. त्याच्या आधी केलात तर होत नाही. म्हणजे तुमच्याकडे दोन महिने असतात, आणि ते पुरतात, पण उरत नाहीत. का ते आता सांगतो.

घरबसल्या पाच मिनिटं. हं.

अर्धं खरं आहे. अर्ज ऑनलाइन, फी ऑनलाइन, अपॉइंटमेंट ऑनलाइन. परिवहनच्या साइटवर जायचं, वाहन सेवा, महाराष्ट्र, गाडीचा नंबर, मग चासी नंबरचे (गाडीच्या फ्रेमवर कोरलेला असतो तो) शेवटचे पाच आकडे, मग ओटीपी. आणि आमची गाडी तिथेच अडली, कारण ओटीपी जातो रेकॉर्डवरच्या मोबाइलला, आणि बाबांच्या स्कूटरच्या रेकॉर्डवर त्यांचा नंबर नव्हताच. २०१० मध्ये शोरूमवाल्याने भलताच कुठलातरी टाकून दिलेला. बाबा म्हणाले, "मला तेव्हा कोणी विचारलंच नाही." आता तो नंबर ज्याच्याकडे आहे त्या भल्या माणसाला माझे तीन ओटीपी गेले, तो बिचारा काय समजला असेल.

तर पहिलं काम मोबाइल नंबर अपडेट करणं. ते साइटवर वेगळं आहे, त्याला चासी नंबर, इंजिन नंबर, रजिस्ट्रेशनची तारीख सगळं आरसीवर आहे तसंच्या तसं लागतं. आमचं जुनं स्मार्ट कार्ड पाकिटात राहून राहून इतकं घासलेलं की आठ आहे का तीन आहे कळेना, शेवटी आईने जुन्या फाइलमधून विम्याची २०१२ ची पॉलिसी काढून दिली, त्यावर सगळे नंबर टाइप केलेले. (जुन्या पॉलिसी फेकू नका. आई गेली १० वर्षं हे सांगतेय.)

मग खरा अर्ज. फॉर्म २५ म्हणतात त्याला, पोर्टल स्वतः भरून देतं, प्रिंट काढायची आणि सही करायची. विमा चालू हवा, पीयूसी चालू हवं. महाराष्ट्रात १५ वर्षांपुढच्या गाडीला पर्यावरण कर असतो, तो पाच वर्षांचा एकदम, पोर्टल हिशोब करून दाखवतं. हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही लागते, १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना ती सक्तीची आहे, टू-व्हीलरला ४५० आणि कारला ७४५, वर जीएसटी. तिची मुदत किती वेळा वाढली ते मोजायचं मी सोडून दिलं, पण रीपासिंगला जाणार असाल तर आधी तीच बुक करा कारण प्लेटची तारीख मिळायलाच वेळ जातो. आणि गाडीवर जुनं लोन असेल, फेडून झालं असेल पण आरसीवर बँकेचं नाव तसंच असेल, तर ते उतरवायचं काम वेगळं, त्याला बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. लोक लोन फेडून पेढे वाटतात आणि हे विसरतात.

इथपर्यंत घरबसल्या. पाच मिनिटं नाही, दोन संध्याकाळी म्हणा.

आता गाडी. ती दाखवावी लागतेच, यातून सुटका नाही, आणि सुटका नसावीच असं माझं मत आहे. १५ वर्षं जुनी गाडी कोणी न बघता कागदावर पास करत असेल तर उद्या एस. व्ही. रोडवर तिचा ब्रेक माझ्याच मागे फेल व्हायचा. ज्या आरटीओच्या हद्दीत तुम्ही राहता आणि गाडी ठेवता तिथे. बेटातल्या मुंबईला ताडदेव, पश्चिमेला अंधेरी आणि बोरिवली, पूर्वेला वडाळा. गाडी पुण्याच्या नंबरची आहे आणि पाच वर्षं मुंबईत चालतेय असं असेल तर पत्ता बदलणं आधी, ते खरंतर राहायला आल्यापासून ३० दिवसांत करायचं असतं, पण ते किती जण करतात ते आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारलीत की दिसेल.

जायच्या आधी चासीचा ट्रेस काढायचा. हे तुम्हाला कुठल्या व्हिडिओत नीट दाखवत नाहीत. गाडीच्या फ्रेमवर चासी नंबर कोरलेला असतो, त्यावर पातळ कागद ठेवायचा आणि पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासायची, लहानपणी नाण्यावर कागद ठेवून छाप काढायचो तसंच. आमच्या स्कूटरचा नंबर असा काही अडचणीच्या जागी, आणि त्यावर १५ पावसाळ्यांचा गंज. पहिल्या कागदावर नुसता काळा ढग आला. मग रॉकेल कुठे मिळणार आता, तर मेकॅनिककडून थोडं डिझेल आणलं, फडक्याने पुसलं, बारीक पॉलिश पेपर अगदी हळू फिरवला (जोरात नाही, नंबर घासला गेला तर मेलात), परत पुसलं, परत कागद. चौथ्या कागदावर एकेक अक्षर उमटत गेलं. वॉचमन शेजारी उकिडवा बसून टॉर्च धरून होता, शेवटचा आकडा आल्यावर तोच माझ्याआधी "आला!" म्हणाला.

तपासणीला साहेबांनी काय बघितलं, तर चासी नंबर आणि इंजिन नंबर जुळतोय का, हेडलाइट, इंडिकेटर दोन्ही बाजूचे, ब्रेक लाइट, हॉर्न, आरसे, टायर, नंबर प्लेट. आमचा डावा आरसा नव्हता. १५ वर्षांत बाबांनी तो कधी काढून ठेवला त्यांनाच आठवत नाही. "आरसा लावून या" म्हणाले, एवढंच. बाहेर जाऊन आरसा लावला, परत रांगेत उभा राहिलो, झालं. आरसा घरूनच लावून नेला असता तर तास वाचला असता, चूक सर्वस्वी आमची. मग काही दिवसांनी ॲपमध्ये तारीख बदलली, थेट २०३०.

एजंटशिवाय होतच नाही असं बरेच जण म्हणतात, मेसेजमध्ये ते नव्हतं पण ग्रुपवरच्या चर्चेत आलं. होतं. मात्र ज्याला सुट्टी मिळत नाही, किंवा वय झालंय, त्याने एजंटला पैसे दिले तर मी नावं ठेवणार नाही. फक्त फीची पावती स्वतःच्या हातात घ्या, त्यावर सरकारची रक्कम किती आणि एजंटने घेतले किती हे कळलं पाहिजे.

आणि आता ते २० हजार.

हा आकडा पूर्ण खोटा नाहीये, गंमत तीच आहे. तो तक्त्यातल्या भलत्याच ओळीतला आहे. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांपुढच्या गाड्यांची रिन्यूअल फी वाढली, टू-व्हीलर ३०० वरून १ हजार, कार ६०० वरून ५ हजार, हा दणका होताच आणि तेव्हा लोक ओरडलेही. मग ऑगस्ट २०२५ मध्ये अजून एक पायरी आली, २० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांची. त्यात टू-व्हीलरला २ हजार, रिक्षासारख्या तीनचाकीला ५ हजार, कारला १० हजार. आणि त्याच तक्त्यात खाली इम्पोर्टेड गाड्यांची ओळ आहे, परदेशी बनावटीची दुचाकी किंवा तीनचाकी असेल तर २० हजार, चारचाकी असेल तर ८० हजार. कोणीतरी तिथला आकडा उचलला आणि सगळ्यांना लावला. आमच्या सोसायटीत २० वर्षं जुनी इम्पोर्टेड बाइक एकाचीही नाही, असती तर मी रोज तिच्यासोबत सेल्फी काढला असता.

बाबांच्या स्कूटरला १ हजार फी, २०० कार्डाचे, आणि तो पर्यावरण कर. तसं बघायला गेलं तर २० वर्षांनंतर दुप्पट लावण्यामागे हेतू उघड आहे, लोकांनी जुन्या गाड्या सोडाव्यात. तो हेतू बरोबर का चूक यावर वाद घाला की, मीही घालेन, कारण महिन्याला शंभर किलोमीटर चालणारी आमची स्कूटर आणि रोज शंभर किलोमीटर पळणारी सात वर्षांची डिझेल गाडी यांत धूर कोण जास्त काढतं हे वय बघून कळत नाही. पण वाद घालायचा तर खऱ्या आकड्यावर घालू.

मोबाइलमधली आरसी चालत नाही, हे सरळ चूक. २०१८ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने राज्यांना कळवलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १३९ च बदलला, डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधले कागद मूळ कागदासारखेच धरायचे. गॅलरीतला स्क्रीनशॉट मात्र चालत नाही, ॲप उघडूनच दाखवायचं, आणि नाक्यावर नेटवर्क नसलं की तुमचं नशीब. मी कार्डही डिकीत ठेवतो, भांडायला वेळ नसतो म्हणून.

राहिली ती लिंक. कृपा करून उघडू नका, आणि उघडली असेल तर त्यातून उतरलेलं ॲप टाकू नका. खऱ्या सरकारी साइटचा पत्ता परिवहन डॉट जीओव्ही डॉट इन असा संपतो, आणि खरं ॲप नेक्स्टजेन एमपरिवहन नावाने प्ले स्टोअरवर आहे. व्हॉट्सॲपवर एपीके फाइल (थेट ॲप टाकणारी फाइल) पाठवणारं कुठलंही आरटीओ या देशात नाही. ती फाइल टाकली की आधी एसएमएस वाचायची परवानगी मागते, दिलीत की बँकेचे ओटीपी तुमच्याआधी तिकडे. चलानच्या नावाने हाच खेळ किती दिवस चाललाय. पैसे गेले तर तासाभरात १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, उद्या बघू म्हणू नका.

शिवाय खऱ्या साइटवर दुसऱ्याच्या गाडीचा नंबर टाकलात तरी मालकाचं नाव मधली अक्षरं फुल्या मारून येतं, आणि पत्ता, मोबाइल येतच नाही. तो का दिसावा? समोरच्या विंगमधला कोणाच्या गाडीसमोर गाडी लावतो म्हणून चिडून कोणी घरी पोचायला नको.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं, एवढं लांब नाही, तुकड्यातुकड्यात. दोन अंगठे आले. एका ताईंनी विचारलं की मग नंबर प्लेट पण भंगारात देतात का. आणि काकांचा अर्धा तास काहीच आवाज नाही, टायपिंग टायपिंग दिसतंय आणि जातंय. मला वाटलं रागावले.

मग पर्सनलवर मेसेज. "बाळा, माझ्या गाडीचं जरा बघून सांग ना. त्यात ॲक्टिव्ह लिहिलंय म्हणून मी निवांत होतो."

मी आधीच बघितलं होतं. ॲक्टिव्ह, हिरवं. खाली तारीख, १९ दिवस राहिलेत. पीयूसी गेल्या महिन्यात संपलेलं, जुनी नंबर प्लेट, आणि आठ वर्षांपूर्वी फेडलेल्या लोनची बँक अजून आरसीवर बसलेली. काकांना सांगितलं की रविवारी सकाळी आरसी आणि जुनी फाइल घेऊन खाली या, मी पेन्सिल आणि कागद आणतो. वॉचमनला टॉर्च चार्ज करून ठेवायला सांगितलंय.